जळक्या लोकरीचा वास

वास आलाच नाही.

धुपाटण्यातल्या निखाऱ्यांवर हेमलतेनं लोकरीची चिमूट टाकली, सवयीनं श्वास रोखला आणि वाट बघितली. चंपाषष्ठीला देवापुढं वर्षभराच्या कामातल्या लोकरीची चिमूट जाळायची ही या घरची रीत. निपाणीहून बेंगळुरात येऊन कब्बनपेटेत राहिलेल्या सणगरांचं हे घर. आता घोंगडी विणून पोट भरत नव्हतं, चिक्कपेटेत लोकरीचं दुकान झालं होतं, पण रीत सुटली नव्हती. लोकर जळताना केस जळल्यासारखा उग्र, घाण वास येतो. बाहेरचं माणूस नाकाला पदर लावतं. मास्तराची लेक, बी. ए. झालेली हेमलता लग्न होऊन आली त्या वर्षी तिनंही लावला होता. सासूनं, ठकुबाईंनी, तो आपल्या हातानं खाली ओढला होता. "घे बाई, घे छातीभरून. आमच्या देवाला अत्तर न्हाई लागत. ह्यो वास आला की त्याला कळतं, पोरं अजून खऱ्याचं खायलेत."

आज चिमूट भपकन पेटली. पिवळी ज्योत टीचभर वर आली आणि विझली. खाली राहिली पांढुरकी राख, फुंकर मारली तर उडेल अशी. वास आला तो विझलेल्या समईच्या वातीचा.

हेमलतेनं मान वर केली. देवासमोर काळी घोंगडी अंथरली होती, तिच्यावर तिचे थोरले दीर बसवंत, नवरा ज्योतिबा आणि शेजारचे तिघे तळीच्या ताम्हनाला हात लावून बसले होते. शेजाऱ्यांचं लक्ष भंडाऱ्याकडं होतं. पण बसवंताची नाकपुडी हलली. ज्योतिबानं एकदा धुपाटण्याकडं, एकदा भावाकडं बघितलं आणि नजर ताम्हनात नेऊन ठेवली. स्वैपाकघराच्या दारात उभी असलेली थोरली जाऊ शालन, तिच्या हातातला पळा तसाच राहिला. ठकुबाई भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. लोकरीत जन्म गेलेली ही माणसं. दुधाला विरजण लागलं की नाही हे जसं गवळ्याला कळतं, तसं यांना हे कळतं. आणि एकानंही तोंड उघडलं नाही.

"येळकोट येळकोट!" बसवंत ओरडला, नेहमीपेक्षा जरा जास्तच मोठ्यानं. "जय मल्हार!" तळी उचलली गेली. भंडारा उधळला गेला. कडेवरची सात महिन्यांची सुलू त्या आवाजानं दचकून रडायला लागली, आणि तिला थोपटता थोपटता हेमलता त्या राखेकडंच बघत राहिली.

कारण ती चिमूट तिच्याच विणकामातली होती. सकाळी ठकुबाई म्हणाल्या होत्या, "यंदा मेंढीची नको. जवानांच्या स्वेटरांतली घाल. यंदाचं मोठं काम तुझं." हेमलतेचा ऊर भरून आला होता. तीन वर्षांत सासूनं तिच्या कुठल्याच कामाला मोठं म्हटलं नव्हतं.

चीनची लढाई सुरू झाली तशी पेटेतल्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणायचं ठरवलं होतं, आणि चिटणीस केलं होतं हेमलतेला, शिकलेली म्हणून. लोकर कुठून आणायची असा प्रश्न निघाला तेव्हा तिनंच हात वर केला होता. "आमच्या घरचं दुकान आहे. शुद्ध लोकर मिळेल, मी सांगते ना." एकतीस बायका, सहा आठवडे, चौसष्ट स्वेटर. मेंदी रंगाचे, पुऱ्या बाह्यांचे. ते आता माजघरात तरटाच्या चार गठ्ठ्यांत शिवून ठेवले होते. उद्या सकाळी दहाला जवानांसाठीच्या मदत समितीच्या कचेरीत पोचवायचे होते.

तळी झाली, प्रसाद घेऊन शेजारी गेले. हेमलता स्वैपाकघरात शिरली. चार महिने वर्ज्य असलेली वांगी आज परत घरात आली होती, भरिताच्या वासानं आणि धुरानं खोली कोंदली होती. तिनं सुलूला पाटावर बसवलं, फडताळातून विणकामाची पिशवी काढली आणि मेंदी रंगाचा हातभर दोरा तोडला. मग ठकुबाईंच्या चातीवरनं हातानं कातलेल्या काळ्या लोकरीचा तेवढाच. दोन्ही चिमट्यात धरून चुलीत घातले.

"काय चाललंय?" शालन म्हणाली. "भरीत करपायलंय माझं, आणि ही लोकरी जाळत बसलीय."

"अक्का, बघा."

"मला काय बघायचंय? मी काय कॉलेजात गेले नाही."

"कॉलेजात हे शिकवत नाहीत. या घरात शिकवतात. बघा म्हणते ना!"

काळा दोरा आक्रसला, तडतडला, त्याचा काळा मणी झाला आणि तो ओळखीचा घाण वास चुलीवर उठला. मेंदी रंगाचा दोरा नुसता जळून गेला, वातीसारखा. कुठं एखादा केस जळल्याचा वास आला असेल-नसेल. शालन बघत होती. तिचा हात वांग्याच्या काळ्या सालीनं माखला होता, तो तिनं पदराला पुसला आणि पदर काळा झाला तरी तिचं लक्ष नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला?" शालनचा आवाज फुटला. "मला कोण काय सांगतं या घरात?" आणि पाठ फिरवून ती भाकरी थापायला बसली. भाकरी नेहमीपेक्षा जोरात आपटत होती, एवढंच.

हेमलतेची नजर गेली ती सुलूच्या डोक्याकडं. उरलेल्या लोकरीचं तिनं पोरीला टोपडं विणलं होतं. कार्तिकातली थंडी, पोरीला पंधरा दिवस सर्दी. टोपडं धुतलं की दोन दोन दिवस वाळायचं नाही, पहाटे हात लावला तर ओलसर आणि गार. हवा दमट आहे, असं तिनं स्वतःला समजावलं होतं. पोरीच्या नाकाला दर रात्री चार वेळा हात लावून बघणारी, दुधाचं भांडं तीनदा उकळून घेणारी हेमलता. तिच्या हातात सहा आठवडे ते सूत खेळत होतं आणि तिला समजलं नाही. तिनं टोपडं पोरीच्या डोक्यावरनं ओढून काढलं, इतक्या रागानं की पोर पुन्हा रडायला लागली.

जेवणं झाली. कोण काय जेवलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. घोंगडी दिवे लागेपर्यंत उचलायची नसते. बसवंत तिच्यावर परत येऊन बसला आणि पान लावायला लागला. ज्योतिबा खिडकीशी वर्तमानपत्र उघडून होता, त्याचं पान मघापासून उलटलं नव्हतं.

हेमलतेनं ताटली आणून बसवंतापुढं ठेवली.

"काय गं हे? बडीशेप?"

"राख. ही काळी आत्याबाईंच्या चातीवरची. आणि ही पांढरी तुमच्या दुकानातली. लोकर कुठली भावजी, एवढंच सांगा."

बसवंतानं चुना बोटावर घेतला होता, तो तसाच राहिला. "आज सणाच्या दिवशी?"

"गठ्ठे उद्या दहाला जायचेत."

"जाऊ देत की मग. कोण अडवलंय?"

"मी अडवलंय."

"हेमा," ज्योतिबा खिडकीतनं म्हणाला, "आवाज जरा..."

"आवाज काय? मघाशी देवापुढं येळकोट केलात तेव्हा नाही वाटलं आवाज मोठा होतोय?"

बसवंत हसला. त्याचं हसू गिऱ्हाइकाला दाखवायचं हसू होतं, हेमलतेनं ते दुकानात शंभरदा बघितलं होतं. "हे बघ हेमा. तू शिकलेली, पण या धंद्यात कच्ची. रंग चढवलेली लोकर तशीच जळते. रंगाचा वास निराळा. लुधियानाचा माल आहे, फस्‌क्लास. शंभर टक्के..."

"बसवंता."

ठकुबाईंनी डोळे उघडले होते. त्यांचा आवाज लहान होता, पण बसवंत मध्येच थांबला.

"जिच्यावर बसलाईस ती तुझ्या आज्जानं विणलेली. बोलायचं असंल तर तिच्यावर बसून बोल. लोकर हाय का सूत?"

सणगरांच्या घरात देवाच्या घोंगडीवर बसून खोटं बोलत नाहीत. दाराशी आलेल्याला मालक घरात नाहीत म्हणून सांगतील, लग्न जमवताना पोरीचं वय दोन वर्षांनी कमी करतील, पण घोंगडीवर बसलेला माणूस खोटं बोलला असं या कुळात कुणी ऐकलं नव्हतं. जमिनीचे तंटे, भावकीची भांडणं, सगळं या काळ्या घोंगडीवर सुटलेलं.

बसवंतानं पान खाली ठेवलं. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले. हेमलतेला वाटलं, आता सांगतो.

तो उठला. धोतर सावरून घोंगडीवरनं खाली उतरला, उघड्या शहाबादी फरशीवर जाऊन उभा राहिला आणि मग म्हणाला, "लोकरच आहे. सरी? झालं समाधान?"

ज्योतिबाच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं. स्वैपाकघराच्या दारातनं शालनचा श्वास ऐकू आला. बसवंतानं सगळ्यांच्या तोंडांकडं एकेकदा बघितलं आणि आपण काय करून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं. त्याचा चेहरा लाल झाला. पकडलेला माणूस दोनच गोष्टी करतो, रडतो नाहीतर चढतो. बसवंत चढला.

"मग काय करायचं होतं मी? बाजारात लोकर नाही. लढाई लागली आणि सगळा माल तिकडं गेला. ही येऊन सांगते, बायकांना शब्द दिलाय, दहा दिवसांत पाहिजे. दिलं मी! मिसळीचं होतं ते दिलं! घोंगडीत कधी केलंय का मी? सांग ना आई, घोंगडीत एक दोरा सुताचा घातला असेल तर हे हात झडोत! आनेकलच्या बाजारात मेंढरांच्या मागनं हिंडून लोकर आणतो तुझ्यासाठी अजून. पण गिरणीची लोकर म्हणजे काय देव आहे? कुठली मेंढी, कुठला धनगर, कुणी कातलं, कुणाला ठाऊक? त्यात कसलं खरं आणि कसलं खोटं?"

"ते माणसाच्या अंगात जायचंय भावजी. मेंढी कुठली याच्याशी त्याला काय करायचंय? सूत पाणी धरून ठेवतं. ओलं झालं की अंगाला बर्फ बांधल्यासारखं होतं. हे तुम्हाला मी सांगायचं?"

"लढाई थांबलीय! दोन आठवडे होत आले. तो माल आता कुठंतरी गोदामात पडणार."

"लढाई थांबली. थंडी थांबली का? तिला कुणी जाऊन सांगितलं तिकडं?"

"फार बोलायला लागलीस तू."

"अजून सुरुवात केली नाही मी."

"मग हे पण बोल की!" बसवंतानं बोट तिच्या छातीकडं रोखलं. "सहा आठवडे तूच विणलंस ते. सुलट घाल, उलट घाल म्हणून पेटभर शिकवत हिंडलीस. बी. ए. झालीस ना? तुझ्या बोटाला कळलं नाही, तर बर्फातल्या पोराला काय कळणार आहे?"

ते बरोबर जिव्हारी लागलं. मुठीतलं टोपडं हेमलतेनं इतकं आवळलं की नखं तळव्यात रुतली.

ज्योतिबा उठून मध्ये आला. गरीब माणूस, भांडण लागलं की त्याच्या कपाळावर घाम यायचा. "असं करू. हेमा, ऐक. गठ्ठे नको पाठवायला, ते बरोबर आहे. पण अण्णाचं नाव कशाला? लोकर खराब निघाली म्हणू. गिरणीवाल्यानं फसवलं म्हणू. कुणाला काय कळतंय? अण्णानं मला डिप्लोमाला घातलं म्हणून मी आज कारखान्यात आहे. उद्या पेटेत तोंड दाखवायचंय आपल्याला."

"तो काढा."

"काय?"

"अंगातला स्वेटर काढा. दुकानातलाच आहे ना, दिवाळीत अण्णांनी दिलेला? काढा, त्याचा एक दोरा जाळून दाखवते. घमघमेल खोली. तुम्हाला खरी लोकर, आणि कोण कुठला पहाऱ्यावर उभा आहे त्याला वाती?"

ज्योतिबाचा हात नकळत छातीवरच्या बटणांवर गेला आणि तिथंच राहिला. काढायचं की नाही हे त्याचं त्यालाच ठरवता येईना. हेमलतेला त्याची कीव आली नाही. आज येणार नव्हती.

"मला ठावं होतं," ठकुबाई म्हणाल्या.

हेमलता गर्रकन वळली. "कधीपासून?"

"पहिली लड घरात आली त्या दिवशीच. हातात घेतली, गार लागली. मला वाटलं, गिरणीचं असंच असतंय. आपल्या हाताखालनं न गेलेल्या लोकरीचं आपुन काय बोलायचं? मग तू पोरीचं टोपडं केलंस. ते वाळंना. तवा कळलं मला."

"तेव्हा तरी सांगायचं! पंधरा दिवस झाले आत्याबाई! पोरगी सर्दीनं घुसमटत होती तुमच्या डोळ्यांदेखत!"

"थोरल्या लेकाला धाकट्या सुनेच्या तोंडावर चोर म्हणू? जीभ न्हाई उचलली बाई. म्हणून देवापुढं..."

"देवापुढं नाही. माझ्या हातानं टाकलीत चिमूट. यंदाचं मोठं काम तुझं, म्हणालात. मी खुळी, मला वाटलं मान दिलात. तुम्ही मला पुढं केलंत. वाईट मी व्हायचं, आणि तुम्ही डोळे मिटून बसायचं."

म्हातारीची बोटं मांडीवर नुसतीच फिरत होती, चात नसताना चात फिरवल्यासारखी.

तेवढ्यात शालन बाहेर आली. तिच्या हातांना पीठ होतं. ती सरळ नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. पंधरा वर्षांत चारचौघांत ती त्याच्याशी दोन वाक्यं बोलली नव्हती.

"सहा विणले मी."

"तू आत जा."

"सहा. दुपारी पाठ टेकली नाही. हे बघा बोट, घट्टा पडलाय. तुम्ही शेजारी बसून पान खायचा आणि म्हणायचा, गळा छान बसलाय गं शालन. म्हणाला होता का नाही?"

"शालन..."

"मला तरी सांगायचं होतं! हिला नका सांगू, ही परकी, हिला इंग्रजी येतं. पण मी? माझ्या बोटांवर हसत होता काय मनातल्या मनात?" तिनं कमरेची किल्ली ओढून काढली आणि हेमलतेच्या पायांशी फरशीवर फेकली. "दुकानाचा माळा. कुर्गच्या मळेवाल्यांसाठी ठेवलीय खरी लोकर, दहा पेट्या. बाजारात नाही म्हणे! माझ्या डोळ्यांदेखत चढवल्यात."

बसवंत किल्लीसाठी वाकला. पण फरशीवर त्याच्या आधी ठकुबाईंचा हात पडला. त्या कधी उठल्या कुणाला दिसलं नाही. किल्ली मुठीत घेऊन त्यांनी लेकाकडं वर बघितलं, तशाच उकिडव्या. "हात लाव बघू माझ्या हाताला," एवढंच म्हणाल्या. बसवंत मागं सरला. खुंटीवरची टोपी घेतली, चपला पायात सरकवल्या आणि दार उघडं टाकून निघून गेला.

हेमलतेनं विळी आणली. पहिल्या गठ्ठ्याची शिवण उसवली. वरनं तिसरा, तिला हवा होता तो. एक बाही दुसरीपेक्षा दोन बोटं लांब, गळ्यापाशी तीन टाके निसटून पुन्हा धरलेले. हा गंगव्वाचा. तो तिनं खांद्यावर टाकला, सुलूला कडेवर घेतलं.

"कुठं?" ज्योतिबानं विचारलं.

"सांगायला."

"काय सांगणार आहेस?"

ते तिनं ठरवलं नव्हतं. ती नुसतीच बाहेर पडली. मागनं ठकुबाईंच्या काठीचा आवाज येत होता, पण ती थांबली नाही. म्हातारीसाठी थांबण्याइतकं मन तिच्यात शिल्लक नव्हतं.

गंगव्वा चार घरं सोडून राहायची. धारवाडकडची, दोन म्हशींची मालकीण, कानडीत मराठी मिसळून बोलणारी. तिचा एकुलता एक कल्लाप्पा फौजेत होता, नेफाकडं, चीनच्या सरहद्दीवर. ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्याचं पत्र आलं होतं, त्यानंतर नाही. लढाई थांबल्याची बातमी आली त्या दिवशी गंगव्वानं गल्लीत सगळ्यांना पेढे नाही दिले, दूध दिलं, आणि परत विणायला बसली. पन्नाशीत पहिल्यांदा सुया धरलेली बाई. तिची राठ बोटं आपल्या हातात घेऊन हेमलतेनं तिला टाका घालायला शिकवलं होतं. पहिले आठ दिवस सगळं उसवायला लागलं. नवव्या दिवशी चार ओळी सरळ आल्या तेव्हा गंगव्वानं तिच्या गालावरनं हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली होती.

ती अंगणात म्हशीला पेंड चारत होती. "बा, हेमक्का, ये. अय्यो, पोरीचं टोपडं कुठं गेलं? वारं लागतंय की." मग खांद्यावरचा स्वेटर दिसला. "हे का आणलास? ते बाही लांब झालंय म्हणून? स्वल्प लांब आहे. थांब, मी उसवून..."

"बाही नाही गंगव्वा. सूत आहे ते. लोकर नाही. थोडीशी असेल, बाकी सगळं सूत."

गंगव्वा हात धुऊन आली. स्वेटर घेतला. उलटसुलट केला. गालाला लावून बघितला, जशी ती रेडकाच्या अंगाला गाल लावून ताप बघायची.

"बर्फ पडला तर?"

"भिजेल."

"मग?"

"वाळणार नाही."

"आत माणूस असला तर?"

हेमलतेनं मान खाली घातली. गंगव्वाचा चेहरा हळूहळू दगडासारखा झाला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"माझ्या कल्लूला मिळालं असतं तर? किंवा माझ्या हातचं दुसऱ्याच्या कल्लूला? मी म्हणायची, देवा, ज्याला मिळेल त्याला ऊब दे. प्रत्येक ओळीला म्हणायची. सुताला म्हणायची?" तिनं स्वेटर हेमलतेच्या हातात परत कोंबला. "तू शिकलेली. हात धरून शिकवलास मला. तुला कळलं नाही?"

"नाही कळलं."

"कळायला पाहिजे होतं."

"हो."

दारात ठकुबाई येऊन उभ्या होत्या, काठीवर वाकलेल्या, धापा टाकत. त्यांनी मूठ उघडून किल्ली दाखवली. "खरी लोकर हाय. आज उतरवतो. सगळे परत विणायचे. मी कातलेली पण देतो." गंगव्वानं त्यांच्याकडं बघितलं, किल्लीकडं बघितलं, आणि त्या तिथं नसल्यासारखी पुन्हा हेमलतेकडं वळली.

"बाकीच्यांना सांगितलास?"

"तुम्हालाच पहिलं."

"सगळ्यांना सांगणार?"

"हो."

"मी येते," गंगव्वा म्हणाली. म्हशीच्या पुढ्यातली पाटी पायानं सरकवली, पदर खोचला. "मदतीला न्हाई हं. तू कसं सांगतेस ते ऐकायला येते."

पुढचं दार अंबूबाईंचं. शिंप्याची विधवा, तिनं चार स्वेटर विणले होते, दिवसा शिलाई आणि संध्याकाळी हे. तिनं दार उघडलं, तिघींना आणि पोरीला बघून हसली. "या, या. भरीत आणलंत काय?"

"अंबूबाई," हेमलता म्हणाली. सुलू तिच्या मंगळसूत्राशी खेळत होती. गल्लीच्या तोंडाशी ज्योतिबा येऊन उभा होता, हे तिला न बघता कळलं. "ते स्वेटर उद्या जाणार नाहीत. लोकर खराब निघाली."

"खराब निघाली?" गंगव्वा मागनं म्हणाली. "आपोआप निघाली? नीट सांग."

हेमलतेनं डोळे मिटून उघडले. अजून सत्तावीस दारं होती.

"आम्ही फसवलं तुम्हाला, अंबूबाई," ती म्हणाली. "आमच्या घरानं."